तळाशी काय घडते : पाण्याने भरलेल्या लवचिक बांधाचे संगणकीय प्रतिमान करताना

भू-तंत्र अभियांत्रिकीतील एम.टेक.साठी मी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय पूर अडवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या, पाण्यानेच भरलेल्या लवचिक ट्यूबच्या स्थैर्याचा होता. पीव्हीसीचा लेप दिलेल्या जाड कापडाची लांब ट्यूब रस्त्यावर अंथरायची, पंपाने तिच्यात पाणी भरायचे आणि तयार झालेल्या त्या जाड वळकटीने बाहेरचे पाणी थोपवायचे, अशी ही कल्पना आहे. वाळूची पोती भरायला माणसे लागतात, वाळू लागते आणि वेळ लागतो; ट्यूबला लागणारे पाणी मात्र पुराच्या वेळी दारातच असते. प्रश्न एवढाच होता की, बाहेरचे पाणी चढू लागले की ही वळकटी जागेवर राहते का, आणि राहत नसेल तर नेमकी कशामुळे सुटते.

मी सांगलीची आहे. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ फुटांवर गेली की धोका, हे दोन आकडे आमच्याकडे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तीच पातळी ५७ फुटांच्या वर गेली आणि आमच्या घराचा तळमजला बुडाला. तेवढ्या पाण्यापुढे एक मीटर उंचीची ट्यूब काही करू शकत नाही, हे मी विषय निवडतानाच स्वतःशी स्पष्ट केले होते. माझ्या डोळ्यांसमोर होती ती पुराची कड, म्हणजे जिथे पाणी गुडघाभर किंवा मांडीभर येऊन थांबते अशी जागा : विजेचे उपकेंद्र, पाणी शुद्धीकरणाचे आवार, दवाखान्याचा तळमजला, औषधांचे गोदाम. अशा जागी अर्धा-पाऊण मीटर पाणी अडले, तरी पूर ओसरल्यानंतरचे कित्येक आठवडे वाचतात.

सुरुवात मी संगणकाने नव्हे, तर कागदाने केली, आणि त्याबद्दल मला आजही समाधान वाटते. ट्यूबचे कापड वाकण्याला जवळजवळ विरोध करत नाही. ते फक्त ताण घेते. आतल्या पाण्याचा दाब कापडाला नेहमी काटकोनात ढकलतो, त्यामुळे जमिनीला न टेकलेल्या भागात ताण सर्वत्र सारखा राहतो आणि कोणत्याही बिंदूपाशी कापडाची वक्रता म्हणजे तिथला दाब भागिले तो ताण. दाब खाली जास्त आणि वर कमी असल्यामुळे ट्यूब तळाशी घट्ट वळते आणि माथ्यावर पसरट होते. बाहेर पाणी नसताना ताणाचे सूत्र एका ओळीत निघते. ट्यूबच्या मधोमध उभा छेद घेतला, तर आतल्या पाण्याचा आडवा जोर माथ्यावरचे कापड आणि तळाचे कापड मिळून पेलतात. ट्यूबची उंची १ मीटर आणि जमिनीपासून मोजलेला आतला पाणस्तंभ, म्हणजे तळाशी जेवढा दाब आहे तेवढा देणाऱ्या पाण्याची उंची, १.३ मीटर धरला, तर ताण प्रति मीटर ३.९ किलोन्यूटन येतो. ट्रकवर बांधायच्या चांगल्या प्रतीच्या ताडपत्रीची ताणशक्ती प्रति मीटर ५० किलोन्यूटनांच्या घरात असते. कापड ताणाने फाटेल ही माझी पहिली भीती या एका आकड्याने संपली. सांधे कापडापेक्षा दुबळे असतात हे खरे, पण तेही या ताणाच्या बरेच पुढे असतात.

त्यानंतर पायथनमध्ये एक छोटा कोड लिहून मी ट्यूबचा आकार काढला. जमिनीला टेकलेल्या टोकापासून निघायचे, वक्रतेचे समीकरण पायरीपायरीने सोडवत माथ्यापर्यंत जायचे, आणि माथ्यावर कापड बरोबर आडवे येईपर्यंत सुरुवातीचा अंदाज सुधारत राहायचे. वरच्या उदाहरणासाठी ट्यूबचा घेर सुमारे ४.७ मीटर आला, सर्वांत जास्त रुंदी १.८ मीटर आणि जमिनीला टेकलेली रुंदी १.१७ मीटर. आतल्या पाण्याचे वजन प्रति मीटर लांबीला साधारण १५ किलोन्यूटन, म्हणजे दीड टन. हे आकडे पुढे वर्षभर माझ्यासोबत राहिले, कारण मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये काहीही केले तरी बाहेर पाणी नसतानाचे उत्तर इथे परत यायलाच हवे होते.

मोठे सॉफ्टवेअर म्हणजे भू-तंत्र अभियंते वापरतात तो फायनाइट डिफरन्स पद्धतीचा प्रोग्रॅम. त्यात जमीन चौकोनी झोनच्या मेशने, म्हणजे जाळीने, कापड एकमेकांना जोडलेल्या छोट्या तुकड्यांनी आणि कापड-जमीन यांच्यातला स्पर्श इंटरफेस नावाच्या खास घटकांनी मांडता येतो. तो प्रत्येक नोडवरचे, म्हणजे तुकडे जिथे जोडले जातात त्या बिंदूवरचे, असंतुलित बल काढतो, त्यानुसार नोड किंचित हलवतो, कृत्रिम अवमंदनाने हालचाल शमवतो आणि सगळे स्थिर होईपर्यंत हेच हजारो वेळा करतो. मोठी विरूपणे होणाऱ्या आमच्या प्रश्नासाठी ही रीत योग्य होती, परंतु दोन गोष्टी हाताने कराव्या लागल्या. पहिली म्हणजे कापड हलले की दाबाची दिशा आणि मूल्य दोन्ही बदलतात, म्हणून ठरावीक पायऱ्यांनंतर प्रत्येक तुकड्यावरचा दाब नव्या स्थितीनुसार पुन्हा लावणारा उपकार्यक्रम लिहावा लागला. दुसरी म्हणजे कापडाला वाकण्याचा विरोध शून्य दिला की नोड करवतीच्या दात्यांसारखे वरखाली होऊ लागत. अगदी नगण्य असा वाकण्याचा विरोध दिल्यावर ते थांबले. तो नगण्य आहे याची खात्री मी तो दहापट वाढवून आणि दहापट कमी करून, उत्तर बदलत नाही हे पाहून घेतली.

संगणकावर वेळ वाचावा म्हणून मी सुरुवातीला ट्यूबचा अर्धाच भाग मांडला होता. बाहेर पाणी नसताना डावी आणि उजवी बाजू सारखीच असते, त्यामुळे मध्यरेषेवरचे नोड आडवे हलू न देता अर्धे प्रतिमान पुरते. ताण ३.९ च्या अगदी जवळ आला, आकार कोडशी जुळला आणि मी आनंदाने संपूर्ण ट्यूब मांडून एका बाजूला १० सेंटिमीटर पाणी लावले. ट्यूब कोरड्या बाजूकडे लोळू लागली आणि थांबेना. मी घर्षणगुणांक, म्हणजे घर्षणाचा जास्तीत जास्त विरोध भागिले जमिनीवरचा उभा भार, ०.३ वरून ०.६ केला, मग १ केला; शेवटी प्रत्यक्षात कधीच मिळणार नाही असा ५ करून पाहिला. घसरणे थांबले होते, पण लोळणे तसेच चालू होते. रणगाड्याचा पट्टा जसा फिरतो तसे कापड माथ्यावरून कोरड्या बाजूला उतरत होते आणि मागच्या बाजूने जमिनीवरून उचलले जात होते.

माझी चूक आहे असेच मी धरून चालले. पाच आठवडे मी कोडच तपासत होते. दाबाचे चिन्ह उलटे तर लागत नाही ना, इंटरफेसची ताठरता कमी तर नाही ना, अवमंदन पुरेसे आहे का, मेश बारीक केला तर काही बदलते का, हे सगळे एकेक करून पाहिले. असंतुलित बलाचे गुणोत्तर काही केल्या खाली येत नव्हते, म्हणजे प्रतिमान स्थिर होत नव्हते. गणित स्वतःच बिघडून फुटते तेव्हा नोडचे वेग एकाएकी बेसुमार वाढतात आणि आकार विद्रूप होतो. इथे तसे काहीच नव्हते. आकार सुबक होता, वेग संथ आणि एकसारखा होता. हा फरक तेव्हा माझ्या लक्षात यायला हवा होता.

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी शेवटी मला संगणकापासून उठवले आणि म्हणाल्या, “जमिनीला टेकलेला कापडाचा तुकडा तेवढा वेगळा काढ आणि त्याच्यावरची आडवी बलं मांड.” मी मांडली. तुकड्याच्या ओल्या टोकाला कापडाचा ताण एका दिशेने ओढतो, कोरड्या टोकाला विरुद्ध दिशेने. दोन्ही टोकांना कापड जमिनीला स्पर्शिकेच्या दिशेनेच सुटते, म्हणून दोन्ही ताण पूर्णपणे आडवे असतात. आणि या दोन टोकांच्या मध्ये, माथ्यावरून जाणारे सगळे मोकळे कापड एकच आहे, ज्याच्यावर पाणी फक्त काटकोनात दाब देते. म्हणजे त्याचा ताण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखाच. दोन्ही ओढी समान आणि विरुद्ध. मग जमिनीचे घर्षण किती? शून्य. घर्षणगुणांक कितीही असो, साध्या, आत काहीच नसलेल्या ट्यूबला जमिनीकडून आडवा आधार घेताच येत नाही. आणि बाहेरचे पाणी तर आडवे ढकलतेच. याचा अर्थ अशा ट्यूबचा तोल बाहेरच्या पहिल्या थेंबालाच जातो. पाच आठवडे प्रतिमान मला हेच सांगत होते. अर्ध्या प्रतिमानात मध्यरेषा मीच बांधून ठेवली होती, म्हणून तिथे ते दिसू शकले नव्हते.

त्या दुपारी वहीत काढलेली ती आकृती मी प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाच्या पहिल्याच पानावर घातली. हे संशोधनात नवीन आहे असा माझा दावा नव्हता. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठात या ट्यूबवर वीसेक वर्षांपूर्वीच प्रयोग आणि गणित दोन्ही झाले आहे, आणि बाजारात मिळणाऱ्या बांधांमध्ये लोळणे थांबवण्याची काही ना काही व्यवस्था असतेच. काहींच्या आत लांबीभर उभा पडदा शिवलेला असतो. काहींमध्ये दोन ट्यूब एकमेकींना चिकटून एका बाहेरच्या आवरणात घातलेल्या असतात. दोन्ही एकाच दिशेने फिरू पाहतात तेव्हा त्यांच्या एकमेकींना टेकलेल्या बाजू उलट दिशांनी सरकू लागतात आणि तिथले घर्षण त्यांना अडवते. ही व्यवस्था मला माहितीपत्रकांतून आधीपासून माहीत होती. ती का लागते, हे मात्र मला त्या दुपारी समजले.

प्रयोगशाळेतील काचेच्या भिंतींच्या फ्लूममध्ये, म्हणजे पाण्याच्या प्रयोगांसाठीच्या लांबट हौदात, आम्ही हे प्रत्यक्षही पाहिले. एक-पंचमांश मापाची, २० सेंटिमीटर उंचीची ट्यूब पीव्हीसीच्या पातळ शीटची केली. हीट सीलिंगचे काम कॉलेजजवळ रेनकोट शिवणाऱ्या एका कारागिराने करून दिले आणि त्यांचा सांधा एकदाही गळला नाही. ट्यूबच्या माथ्यावर मार्करने एक रेघ ओढली. बाहेर पाणी सोडल्यावर काही काळ काहीच झाले नाही. चारेक सेंटिमीटर पाणी चढल्यावर रेघ हळूहळू कोरड्या बाजूला उतरू लागली आणि बघता बघता ट्यूब लोळत पुढे गेली. सिद्धांताने पहिल्या थेंबाला जायला हवी होती ती चार सेंटिमीटरपर्यंत थांबली, याचे कारण काचेला घासणारी तिची टोके आणि छोट्या मापात तुलनेने ताठ वाटणारे शीट. मोठ्या ट्यूबला असा फायदा मिळणार नाही, म्हणून ती चार सेंटिमीटर आम्ही कुठेही जमेस धरली नाहीत.

आत उभा पडदा घातल्यावर प्रतिमान शांत झाले. पडदा कापडाला माथ्यावर आणि तळाशी धरून ठेवतो, म्हणून ओल्या आणि कोरड्या बाजूच्या ताणांत फरक पडू शकतो, आणि तेवढाच फरक जमिनीच्या घर्षणातून भरून निघतो. इथून खरा अभियांत्रिकी प्रश्न सुरू झाला. मध्ये एक दुरुस्ती करावी लागली. मी आतला पाणस्तंभ कायम १.३ मीटर धरला होता, जणू ट्यूबला एक उंच उघडी नळी जोडलेली आहे. प्रत्यक्षात भरून झाल्यावर झडप बंद करतात आणि आतले पाणी तेवढेच राहते. बाहेरून दाब आला की ट्यूब दबते, माथा थोडा वर येतो आणि आतला दाब वाढतो. म्हणून नोडच्या निर्देशांकांवरून दर काही पायऱ्यांनी छेदाचे क्षेत्रफळ काढायचे आणि ते कायम राहील असा दाब शोधत जायचे, असा बदल केला. यामुळे ट्यूब थोडी अधिक भक्कम निघाली.

पण सर्वांत मोठा फरक पडला तो वेगळ्याच एका गृहीतकाने, आणि माझ्या मते या संपूर्ण विषयाचे मर्म तिथे आहे. बाहेर पाऊण मीटर पाणी आहे असे धरा. त्याचा आडवा जोर प्रति मीटर २.७६ किलोन्यूटन. ट्यूबचे वजन १५. ट्यूबच्या फुगवट्यावर येणारा उभा दाब बाजूला ठेवला आणि तळाखाली पाणी अजिबात शिरत नाही असे मानले, तर लागणारा घर्षणगुणांक फक्त ०.१८. आता पाणी तळाखालून झिरपते आणि त्याचा दाब ओल्या कडेला पूर्ण व कोरड्या कडेला शून्य असा उतरत जातो असे मानले, तर अपलिफ्ट, म्हणजे तळाखालच्या पाण्याचा ट्यूबला वर उचलणारा जोर, साधारण ४.३ किलोन्यूटन होतो आणि लागणारा गुणांक ०.२६ वर जातो. आणि रस्ता खडबडीत आहे, तळाखाली पाणी मोकळे शिरते, पण कोरड्या कडेला चिखलाने वाट बुजली आहे असे झाले, तर दाब तळभर पूर्ण राहतो, अपलिफ्ट ८.६ वर पोहोचतो आणि लागणारा गुणांक ०.४३ होतो. ट्यूब तीच, पाणी तेवढेच, कापड तेच. केवळ तळाशी असलेल्या दोन-तीन मिलिमीटर फटीत काय घडते यावर उत्तर अडीच पट बदलते.

म्हणून पुढचे दोन महिने मी ट्यूबकडे पाहिलेच नाही, जमिनीकडे पाहिले. तिरक्या होणाऱ्या पाटावर माती दाबून, त्यावर कापड लावलेला ठोकळा ठेवून, तो घसरतो तो कोन मोजला. डांबरावर आणि मुरमावर निर्धास्त वाटावे असे कोन आले. आमच्या भागातली काळी माती कोरडी असताना तीही चांगली वागली. तिच्यावर रात्रभर ओले फडके ठेवून सकाळी तोच प्रयोग केला, तेव्हा ठोकळा बारा ते पंधरा अंशांतच निघाला. म्हणजे गुणांक ०.२१ ते ०.२७. वरच्या आकड्यांशेजारी हे आकडे ठेवले की सारे स्पष्ट होते. ओल्या काळ्या मातीवर एक मीटरची ही ट्यूब पाऊण मीटर पाणी अडवताना सुरक्षिततेच्या कसल्याही अंतराशिवाय उभी असते, आणि तळाखाली पाणी साचले तर उभीच राहत नाही. उंचीच्या तीन चतुर्थांशापर्यंत पाणी चालते, हा माहितीपत्रकांतला नियम चांगल्या जमिनीसाठी आहे. आमच्याकडे तो तसाच्या तसा उचलणे धोक्याचे आहे, असे मी प्रबंधात लिहिले आणि त्या वाक्यावर मी आजही ठाम आहे.

उपाय मात्र साधा निघाला. ट्यूबच्या ओल्या बाजूला दोन मीटर रुंदीची प्लास्टिकची झूल जमिनीवर अंथरून ट्यूबच्या तळाखाली घेतली, की झिरपणाऱ्या पाण्याचा मार्ग लांबतो आणि ट्यूबपर्यंत पोहोचेतो त्याचा दाब बराच उतरलेला असतो. झुलीवरचे पाणीच तिला जमिनीशी दाबून धरते. कोरड्या बाजूला याउलट काहीही बुजवायचे नाही. तिथून येणारे पाणी मोकळे वाहू द्यायचे आणि पंपाने उपसायचे. पाणी येताना दिसले की माणूस माती टाकून ते बंद करायला धावतो. २०१९ मध्ये आम्हीही दाराशी तेच केले होते. या बांधाच्या बाबतीत तसे केले, तर आपणच अपलिफ्ट वाढवतो. प्रतिमानात कोरडी कड बंद आणि कोरडी कड मोकळी अशा दोन स्थिती शेजारी शेजारी चालवून पाहिल्या. बंद कडेची ट्यूब बाहेरचे पाणी ६० सेंटिमीटरवर असताना सरकली. मोकळ्या कडेची आणि झूल असलेली ट्यूब ८० सेंटिमीटरपर्यंत जागेवर राहिली.

प्रतिमान जे सांगू शकत नाही त्यासाठी मी एक स्वतंत्र प्रकरण ठेवले. २०११ च्या जूनमध्ये अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात मिसुरी नदीला पूर आला असताना फोर्ट कॅल्हून अणुवीज केंद्राभोवती ८ फूट उंचीचा आणि सुमारे २००० फूट लांबीचा पाण्याने भरलेला बांध घातला होता. २६ जूनच्या पहाटे एका यंत्राचा धक्का लागून तो फाटला आणि कोसळला. घर्षण, अपलिफ्ट, लोळणे यांपैकी कशाचाही त्यात दोष नव्हता. द्विमितीय छेदाच्या प्रतिमानात धक्का नसतो, वाहत आलेला ओंडका नसतो, तुटलेला पत्रा नसतो. रस्त्याचा लांबीच्या दिशेचा उतारही नसतो, ज्यामुळे खालच्या टोकाला दाब वाढतो आणि वरच्या टोकाला ट्यूब चपटी होते. आणि सांगलीपुरते बोलायचे, तर पाणी नेहमी रस्त्यावरूनच येते असे नाही. शेरी नाल्यातून आणि गटारांतून ते उलटे चढते, म्हणजे बांधाच्या आतच उगवते. गटाराची तोंडे बंद करण्याची सोय आधी झाली नाही, तर बाहेरची ट्यूब कितीही स्थिर असली तरी उपयोग नाही.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रतिमानाविषयी फार थोडे विचारले. त्यांचा प्रश्न होता की, ३० मीटर लांबीची अशी ट्यूब भरायला किती वेळ लागेल. छेदाचे क्षेत्रफळ १.५३ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ४६ हजार लिटर. १२ हजार लिटरचे जवळजवळ चार टँकर. सेकंदाला १० लिटर देणारा पंप असेल तर साधारण सव्वा तास. “आणि झूल अंथरायला?” त्यांनी विचारले. ते मी कधी मोजले नव्हते. पुढच्या रविवारी कॉलेजच्या पटांगणात आम्ही चौघींनी ३० मीटर ताडपत्री अंथरून, तिच्या कडा सरळ करून, खालचे दगड वेचून पाहिले. पन्नास मिनिटे लागली, आणि त्यातली चाळीस दगड वेचण्यात गेली.